टाकीतल्या हवेला धुराचा वास

समस्त वाचकांस, त्यांच्या घरातल्या थोरामोठ्यांस आणि विशेषतः माझ्या सासरच्या तमाम मंडळींस या जाहीर निवेदनाद्वारे कळविण्यात येते की, एकोणीसशे त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारी महिन्यात, भंडारदरा धरणाच्या काठी, मी चूल पेटवली नव्हती. स्टोव्ह पेटवला नव्हता. शेगडी, उदबत्ती, निरांजन, काडेपेटीतली एक काडीसुद्धा पेटवली नव्हती. पेटले होते ते फक्त आमचे हे. आणि त्यांच्यानंतर मी.

निवेदन संपलं. आता नीट बसा, सांगते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. केडगावला आमच्या घरामागे एक चिंच आहे, तिच्याखालून लोक दिवे लागल्यावर जात नसत. मी उन्हाळ्यात तिथेच खाट टाकायचे. शेजारच्या एका बाईच्या अंगात यायचं, तर मी नेमकी पुढे होऊन हात जोडायचे आणि विचारायचे, "देवी, सगळं जाणता, तर माझा पितळी डबा कुणाच्या फळीवर आहे तेवढं सांगा." देवी लगेच शांत व्हायची. अशी मी. तेव्हा हे जे सांगणार आहे ते भाबड्या बाईचं सांगणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

आमचे हे नौदलात पाणबुडे होते. निवृत्त होऊन घरी आले ते मुंबईच्या भंगारबाजारातून एक कंप्रेसर आणि पाठीला बांधायच्या हवेच्या पोलादी टाक्या घेऊनच. केडगावात समुद्र कुठला! पण विहिरी होत्या. कुणाची मोटर विहिरीत पडायची, कुणाच्या इंजिनाचा फूटव्हॉल्व्ह गाळात अडकायचा, की ह्यांना बोलावणं यायचं. लोक विहिरीच्या काठाला गर्दी करून बसायचे, जणू तमाशाच. त्यातूनच ह्यांना कल्पना सुचली, की पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना सुट्टीत टाक्या भाड्याने द्यायच्या. त्यांनी काठावरून पाण्यात उतरायचं, हवा संपली की बाहेर यायचं, रिकामी टाकी द्यायची, भरलेली घ्यायची, पुन्हा उतरायचं. जागा ठरली भंडारदरा. कारण त्या वर्षी धरणाचं पाणी खूप उतरलं होतं आणि धरण बांधलं तेव्हा बुडालेल्या एका वाडीच्या भिंती पाण्याखाली दीड-दोन पुरुष खोलीवर आल्या होत्या. शेंडीहून मुतखेलकडे जाणाऱ्या वाटेवर, डाव्या हाताला उतार आहे, तिथे आमचा तंबू.

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळं भांडण त्या पद्धतीवरून झालं.

भरलेली टाकी उभी ठेवायची, रिकामी आडवी. भरलेल्या टाकीच्या मानेला माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची एक चिंधी बांधलेली असायची. ज्याला टाकी हवी त्याने ती चिंधी सोडून माझ्या हातात द्यायची. चिंधी हातात आल्याशिवाय मी टाकी हलू द्यायची नाही, मग समोर कलेक्टर असो. आणि त्याआधी मी टाकीची चावी किंचित उघडून, फुस्स करून हवा सोडायची आणि ती हुंगायची.

हुंगायचं का? तर कंप्रेसर आजूबाजूला जे असेल ते सगळं ओढून टाकीत कोंबतो. विडीचा धूर असला तर विडीचा धूर, डिझेलचा असला तर डिझेलचा. काठावर तो धूर नुसता खोकला आणतो, पण पाण्याखाली गुंगी आणतो. गुंगी आली की माणूस तोंडातली नळी सोडून देतो आणि मग त्याला वर आणायला दुसरा माणूस लागतो. म्हणून हवा ओढणारी नळी ह्यांनी उंच बांबूला बांधलेली, बांबूच्या टोकाला वारा कळावा म्हणून एक पट्टी, आणि वारा फिरला की हे बांबू उपटून पळत सुटायचे, ध्वज घेऊन लढाईला निघाल्यासारखे. हुंगायचं काम मात्र माझं. एक तर माझं नाक तिखट. दुसरं म्हणजे त्या आठवड्यात ह्यांना सणसणीत सर्दी झाली होती, नाकाने काही कळत नव्हतं. सर्दीत पाण्यात उतरलं तर कान फुटतात, म्हणून हे स्वतः उतरतही नव्हते. काठावर उभे राहून शिंकत होते आणि हुकूम सोडत होते.

ते काम मला किती आवडायचं, ते कसं सांगू! घरी मी कुणाची तरी सून, कुणाची तरी जाऊ. इथे मात्र टाक्या मांडायच्या लाकडी फळीच्या कडेला माझी घडीची खुर्ची, ओच्यात चिंध्या, आणि पुण्याचे शिकले-सवरलेले लोक रबरी कपडे घालून माझ्यापुढे रांगेत उभे. "वहिनी, ही घेऊ का?" "थांबा. आधी हुंगू द्या." मी डोळे मिटून हुंगायची. अत्तर पारखावं तशी. मग मान हलवायची. त्या मान हलवण्यात जी ऐट होती, ती लग्नातसुद्धा केली नव्हती मी.

दूध आणि चहा आम्हाला काठावरच्या वाडीतली हौसाबाई आणून द्यायची. पहिल्याच दिवशी ती कमरेवर हात ठेवून टाक्यांकडे बघत राहिली.

"ह्यात काय हाय म्हनं?"

"हवा."

"नुस्ती हवा?"

"हो."

"आमच्याकडं पान्याच्या टाकीची वाट बघून मानसांचं डोळं गेलं, आन तुमी हवेच्या टाक्या वाटाया आलाय व्हय?"

मी एका टाकीची चावी उघडून तिच्या तोंडावर फवारा सोडला. ती मागे सरली, मग खुदकन हसली. "गार हाय की! लई गार हाय."

चहा तिच्या घरून थर्मासमधून यायचा, हे ध्यानात ठेवा. जेवणाला मी केडगावहून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं बांधून आणलं होतं. वाटेत कोल्हारला केळी घेतली होती. तेव्हा चुलीचा प्रश्नच नव्हता. पण हे सगळं मी पुढे ह्यांना सांगितलं तेव्हा कोण ऐकतंय!

आलेले लोक पुण्याचे. एक वकीलसाहेब, गोरेपान, जाडजूड, रबरी पोशाखात तर अगदी भरल्या वांग्यासारखे दिसायचे. त्यांचा मेहुणा अरविंद, कारखान्यात इंजिनिअर. आणि त्यांचे दोन मित्र, जे फार बोलत नसत. सकाळी सगळे उतरले, वर आले, खुशीत होते. वाडीच्या भिंती दिसल्या, एक दार दिसलं, मासे दिसले. दुपारी वकीलसाहेब दुसरी टाकी घेऊन पुन्हा उतरले. मी हुंगली होती. स्वच्छ. डोंगरावरच्या पहाटेसारखी.

अर्ध्या तासाच्या आत वकीलसाहेब वर आले. वर आले म्हणजे काय, पाण्यातून उसळले. तोंडातली नळी थुंकली, डोळे-नाक झाकणारा काचेचा चष्मा कपाळावर सरकवला आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून असे खोकले, की मला वाटलं गेले.

"धूर! तुमच्या टाकीत धूर आहे! चुलीचा धूर!"

आमचे हे कंप्रेसरपाशी होते. तिथून आले ते धावतच. "कुणी पेटवलीय? कुणी पेटवलीय चूल?"

"अहो, कुणीच नाही..."

"मग धूर काय आभाळातनं आला?"

"अहो, मी हुंगली होती ती टाकी. स्वच्छ होती."

"काय हुंगलं तू? काय हुंगलं? माणूस मेला असता माझा!"

"मी आहे अजून," वकीलसाहेब खोकत म्हणाले, "पण थोडक्यात वाचलो. अहो, आम्ही हवा मागितली होती, तुमचं स्वयंपाकघर नव्हे!"

मी टाकी ओढून घेतली, चावी उघडली, हुंगली. स्वच्छ! अजून हवा होती तिच्यात, आणि ती स्वच्छ होती. मी वकीलसाहेबांच्या नाकाखाली धरली. त्यांनी हुंगलं. चेहरा कसनुसा झाला. "आत्ता नाही येत वास," म्हणाले, "पण खाली येत होता. शपथेवर सांगतो."

आता सांगा, खाली वास, वर नाही? टाकी तीच, हवा तीच! कुणीही शहाणा माणूस म्हणेल की वकीलसाहेबांना भास झाला. पण आमच्या ह्यांना ते पटणार होय! ते तंबूभोवती फिरले. राख शोधली, सरपण शोधलं, माझी पिशवी उलटी केली. दशम्या पडल्या.

"ह्या कुठं भाजल्या?"

"केडगावला! परवा! तुमच्यासमोर!"

"इथं गरम केल्यास."

"गार आहेत, हात लावा!"

"आता गार झाल्या!"

असं भांडण कुणाशी करायचं, तुम्हीच सांगा. पुण्याची चार माणसं बघतायत, हौसाबाई थर्मास घेऊन उभी आहे, आणि हे माझ्या दशम्यांची जबानी घेतायत! माझ्या डोक्यात जे काही तापलं म्हणता... मी मोठ्याने म्हटलं, "मी चूल पेटवली नाही. देवाशपथ नाही. आणि तुमच्या नाकाला तर काही कळत नाही, तुम्ही मला सांगू नका."

नाकाचं काढायला नको होतं, हे मला कळलं. पण बोलून गेले.

ह्यांचा चेहरा लाल झाला. नौदलात असताना जहाजावर हुकूम द्यायचे तशा आवाजात म्हणाले, "उद्या दुपारची एस.टी. आहे राजूरहून. तू केडगावला जायचंस. टाक्यांपाशी तुझं काम नाही. पुन्हा बसायचं नाही खुर्चीवर. संपलं."

संपलं! माझी खुर्ची! मी रडले नाही, मला रडूच आलं नाही, इतका राग आला. मी एकच म्हटलं, "आधी सिद्ध करा. मग जाईन."

संध्याकाळी ह्यांनी सगळ्या टाक्यांची हवा सोडून दिली. नुसता फुसफुसाट, जणू सापाच्या बिळावर बसलोय. सकाळी पुन्हा भरल्या. यावेळी बांबू टेकडावर नेला. मला तिथून लांब, भर उन्हात, एका खडकावर बसवलं. हात समोर ठेवायचे, हलायचं नाही. शाळेत शिक्षा केलेल्या मुलीसारखी! वकीलसाहेब माझ्यावर नजर ठेवायला बसले होते. ते दोनदा म्हणाले, "वहिनी, मी तुमच्यावर आरोप केलेला नाही." मी तलावाकडे बघत राहिले.

टाक्या भरल्या. मग सगळ्यांनी हुंगल्या. अरविंदने हुंगल्या, वकीलसाहेबांनी हुंगल्या, त्या दोन अबोल मित्रांनी हुंगल्या. हौसाबाईलाही बोलावलं. तिने प्रत्येक टाकीला नाक लावलं आणि शेवटी वैतागून म्हणाली, "अवो, ह्याला काय वासच न्हाई. काय हुंगायचं ह्यात?"

"बघा!" मी खडकावरूनच ओरडले.

अरविंद उतरला. आम्ही काठावर उभे. पाण्यावर त्याचे बुडबुडे येत होते, ते भिंतींच्या दिशेने गेले, तिथे थांबले... आणि झपाट्याने परत फिरले. तो वर आला तेव्हा नळी तोंडातून काढून शांतपणे म्हणाला, "वास आहे." इंजिनिअर माणूस, ओरडला नाही, म्हणूनच जास्त लागलं. "धुराचाच आहे. आणि काहीतरी भाजतंय असा."

त्याची टाकी हुंगली. स्वच्छ.

वकीलसाहेब कपडे बदलायला लागले. "आम्ही निघतो. हे आम्हाला परवडण्यासारखं नाही."

आणि आमचे हे माझ्याकडे वळले. इतक्या जणांनी टाक्या हुंगल्या होत्या, मी खडकावर बसले होते, तरी माझ्याकडेच! "तुझ्या चिंध्या! त्या लुगड्याला दहा वर्षांचा चुलीचा धूर लागलाय. तोच आत जातो!"

"चिंधी बाहेरून बांधतात, आत कशी जाईल?"

"ते मला नको शिकवूस! सामान बांध. एस.टी.ची वेळ होतेय."

एखाद्या माणसाचा किती राग यावा? मला वाटतं, त्या क्षणी धरणात पाणी कमी आणि माझ्या अंगात राग जास्त होता. मी उठले. तंबूत गेले, ह्यांची नौदलाची खाकी अर्धी चड्डी घातली, वरून ह्यांचाच शर्ट, साडी घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि बाहेर आले.

हौसाबाईने तोंडावर पदर घेतला. "आगं बया, बाई उगडी झाली!"

"चड्डी आहे अंगात," मी म्हटलं. "मी उतरते."

मला पाण्यात उतरता येत होतं. ह्यांनीच शिकवलं होतं, आमच्याच विहिरीत, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सासूबाई यात्रेला गेल्या असताना. पण ते गुपित होतं. चार पुरुषांसमोर ते फुटलं, तो आमच्या ह्यांचा मोठाच अपमान झाला.

"नाही उतरायचं."

"का? मी चूल पेटवायला जातेय का खाली?"

वकीलसाहेब हसले. ह्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की हसू अर्ध्यातच राहिलं. मी एका उभ्या टाकीची चिंधी सोडली, जाऊन ह्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "धरा. पद्धत म्हणजे पद्धत. मी वर येईपर्यंत सोडायची नाही." मग चावी उघडून त्यांच्यासमोर हुंगली. स्वच्छ. अरविंदने टाकी पाठीला बांधली, कमरेला शिशाचा पट्टा, पायांत रबरी पंजे, आणि मी उतरले.

पाणी गार होतं. हिरवट. कानांत फक्त आपलाच श्वास. पहिले काही श्वास अगदी स्वच्छ. मी काठाला बांधलेला दोर धरून खाली खाली गेले, तशा भिंती दिसायला लागल्या. कमरेएवढ्या, गाळाने माखलेल्या. एक दाराची चौकट, नुसती उभी. आत घर असावं तेवढी मोकळी जागा. मी चौकटीजवळ गेले.

आणि आला!

वास नाकाने येत नाही हो तिथे, नाक चष्म्यात बंद असतं. पण तोंडातला श्वास नाकावाटे चष्म्यात सोडला की कळतं. चुलीचा धूर. ओल्या सरपणाचा नाही, चांगल्या वाळलेल्या लाकडाचा. आणि त्यामागून भाकरीचा वास. मी तिथेच थबकले. भीती? खरं सांगते, आधी भीती वाटलीच नाही. आधी माझ्यातली बाई जागी झाली. मी आमच्या नगरकडची, ज्वारी-बाजरीवर वाढलेली. ही ज्वारी नव्हती, बाजरी तर नव्हतीच. ती नागली होती, म्हणजे तुमची नाचणी! नागलीची भाकरी, अगदी बरोबर भाजलेली, काठ सुटायला आलेले. हौसाबाईकडे आदल्या दिवशी एक तुकडा खाल्ला होता, म्हणून कळलं. माझ्या घरात नागलीचं पीठ कधीही आलेलं नव्हतं.

मी चौकटीतून आत पाहिलं. काही नव्हतं. गाळ, दोन-चार दगड, एक छोटा मासा. पण तोंडाला ऊब लागली. चुलीपुढे वाकल्यावर गालांना लागते तशी. चहूकडे पाणी गार आणि तेवढीच एक ऊब... तेव्हा मात्र माझे केस उभे राहिले असावेत. पाण्यात ते तसेही उभेच असतात, म्हणून खात्रीने सांगता येत नाही.

मी वर आले. नळी काढली आणि पहिला शब्द काय बोलले असेन?

"नागली!"

"काय?"

"नागलीची भाकरी! माझ्या घरात नागली आहे का, सांगा! बोला ना! माझ्या कुठल्या डब्यात नागली आहे?" मी पाण्यात उभी राहून ओरडत होते. चड्डीतून पाणी गळत होतं. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचितच झाला आहे. जिंकले होते ना मी!

हौसाबाई काठावरून म्हणाली, "नागली तर आमच्याकडं करत्यात. पर मी आज भाकर थापलीच न्हाई अजून, सकाळधरनं हितंच हाय की."

आमचे हे आधी शिंकले. मग म्हणाले, "तुम्ही सगळे मिळून मला वेडा ठरवताय. पाण्याखाली कोण भाकरी थापतंय? हिने आधीच ठरवलं होतं, तसंच सांगणार. हिला जायचं नाहीये ना एस.टी.ने!" आणि हातातली माझी चिंधी त्यांनी खाली फेकली.

चिंधी फेकली! पद्धत त्यांची, आणि त्यांनीच ती मोडली. मी म्हटलं, "मग तुम्ही उतरा."

"मला सर्दी आहे."

"मग बोलू नका."

झालं. त्यांनी उभ्या टाक्यांतली एक उचलली. चिंधी सोडली नाही, हुंगलीही नाही. शर्ट काढला आणि उतरले. अरविंद म्हणाला, "सर्दीत कान..." पण हे खाली गेले होते. पाण्यावर रागाचे बुडबुडे येत होते. कसे ते विचारू नका, मला कळत होतं.

आता इथे जरा थांबते, कारण पुढचं एकच वाक्य उरलंय आणि ते वाक्य आमच्या ह्यांनी आजतागायत नाकारलेलं आहे. त्याआधी स्पष्टीकरणांचा निकाल लावते. अरविंदने नंतर पुण्याहून बरीच डोकेफोड केली. टाकीच्या आतल्या गंजाचा वास, रबराच्या नळीचा वास, गाळातून सुटणारा वायू. पण बंद टाकीत बाहेरचा वायू शिरत नाही, गंजाला नागलीचा वास येत नाही, आणि त्याच टाक्या आम्ही केडगावला आणून आमच्या विहिरीत वापरल्या तेव्हा काहीही झालं नाही. बुडालेल्या वाडीत कुणी राहिलं होतं का, बुडालं होतं का, हेही मी हौसाबाईला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई बया, समदी आदीच उठून गेल्ती. कुनी मेलं-बिलं न्हाई." म्हणजे भूत म्हणावं तर मेलेलंही कुणी नाही. इतक्या वर्षांत मला कारण सापडलेलं नाही. सापडेल असंही वाटत नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा, पण गंजाचं सांगू नका.

त्या दिवशीच्या एस.टी.ने मी गेले नाही, हेही सांगून टाकते. खुर्ची माझीच राहिली, आणि पुढे टाक्या विकेपर्यंत मीच बसले तिच्यावर. माफी मागणं आमच्या घराण्यात नाही, त्यामुळे ती मिळाली नाही. पण मिळालं ते त्याहून चांगलं.

कारण आमचे हे वर आले ते धडपडत, खोकत. सर्दीने नाक बंद होतं, वास त्यांना येणं शक्यच नव्हतं. त्यांनी चष्मा उपटून काढला. डोळे लालभडक, पाणी वाहतंय, तळ्याचं नव्हे, डोळ्यांचं. डोळ्यांत धूर गेल्यावर येतं तसं. हाताच्या मुठींनी डोळे चोळत ते काठावर आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मागे वळून पाण्याकडे हात केला आणि सगळ्यांसमोर, पूर्ण आवाजात ओरडले:

"त्या खालच्या बाईला सांगा कुणीतरी, आधी चूल विझव म्हणावं! माणसं श्वास घेतायत इथं!"